जे (J) या प्रोग्रॅमिंग भाषेत *: (वर्ग) जोडला की उत्तरच फिरतं, मदत हवी आहे

मंडळी, जे मधली टॅसिट पद्धत (आकड्यांना नाव न देता नुसत्या क्रिया जोडायच्या) शिकतोय. आमच्या तीन वेचण्यांचा कापूस, क्विंटलमध्ये: 6 10 8. (+/ % #) ने, म्हणजे बेरीज भागिले संख्या, सरासरी 8 बरोबर येते. कंस काढला तर 0.333333, ते उजवीकडून वाचत गेल्यावर समजलं. (- +/ % #) ने सरासरीपासूनचा फरकही आला, _2 2 0 (_2 म्हणजे उणे 2).

आता फरकाचे वर्ग हवे होते, म्हणून सरळ (*: - +/ % #) लिहिलं. 4 4 0 पाहिजे होतं, आलं 28 92 56! *:@(- +/ % #) चालतं (@ म्हणजे उजवीकडच्या उत्तरावर डावी क्रिया), पण ते चाचपडत सापडलं.

टॅसिटच हवं, y वाली (आकड्यांना y नाव देऊन लिहायची) व्याख्या येते मला. गावात नेट टिकत नाही, व्हिडिओ नको.

चार व्हर्ब (क्रिया) होते तेव्हा हुक होता (पहिली क्रिया मूळ आकडे आणि बाकीच्यांचं उत्तर यांवर चालते), पाचवा येताच - फोर्कच्या (दोन बाजूंच्या उत्तरांवर मधली क्रिया चालते) मधे गेला, असंच ना? मग @ ऐवजी [: (कॅप, फोर्कची डावी बाजू रिकामी ठेवणारी खूण) ने हेच कसं लिहायचं? आतला कंस तिथेही लागेलच का?