गिझरची कॉइल जळाली. खर्च घरमालकाचा की भाडेकरूचा?

प्रश्न (भाडेकरू, जुळे सोलापूर)

मी अकरा महिन्यांच्या करारावर सदनिका घेतली असून तिच्यात घरमालकांनीच बसवलेला गिझर आहे. करारात ‘एक गिझर, चालू स्थितीत’ एवढीच नोंद आहे आणि दुरुस्ती कोणी करायची याबद्दल एक अक्षरही नाही. सातव्या महिन्यात कॉइल जळाली. वापर तुमचा, तेव्हा खर्चही तुमचाच, नाहीतर अनामत रकमेतून कापून घेईन, असे घरमालक काका म्हणतात. नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे मधल्या दिवसांत त्यांच्याच बोअरचे पाणी टाकीत चढवावे लागते. घरी वयस्कर आई आहे, वाद वाढवायचा नाही. पण चूक नसताना पैसे भरणेही मनाला पटत नाही. काय करावे?

उत्तर (गिझर दुरुस्ती करणारा, अशोक चौक)

आधी कॉइल का जळाली ते पाहा, हुज्जत नंतर. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापताना कॉइलवर पांढरा थर धरून बसतात, उष्णता पाण्यात उतरत नाही आणि कॉइल स्वतःच तापून जाते. थर जाड आणि दगडासारखा असेल, तर गिझर बराच काळ साफ झालेला नाही, असा अर्थ मी काढतो. उलट, टाकीत पाणी नसताना बटण चालू राहिले, तरीही कॉइल जळते. तो मात्र वापरणाऱ्याचा दोष. म्हणून काकांच्या समोरच गिझर उघडून घ्या, फोटो काढा आणि मिस्त्रीकडून बिलावर कारण लिहून घ्या. जुनी कॉइल कृपया टाकून देऊ नका. बहुतेक जण नेमके तेच करतात आणि मग कोणालाच काही दाखवता येत नाही.

उत्तर (वकील)

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेकरूने जागा सुस्थितीत ठेवायची असते, मात्र वाजवी वापरातून होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये जागेच्या दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मात्र आपला करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी देणारा असेल, तर या कलमावर विसंबून भाडे परस्पर कापू नका, तेथे कराराचे शब्दच आधी पाहिले जातात. करार नोंदणीकृत आहे का, हेही तपासा. भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून, ती झाली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. काकांना मागणी लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना.

उत्तर (घरमालक, होटगी रोड)

मी स्वतः घर भाड्याने देतो, म्हणून सांगतो. कॉइल आणि थर्मोस्टॅट हे झिजणारे भाग आहेत. त्यांचा खर्च मीच करतो. पडून किंवा आपटून काही फुटले, तर भाडेकरूने भरावे. चावी देतानाच प्रत्येक वस्तूचे खरेदीचे वर्ष आणि फोटो असलेली यादी दोघांच्या सह्यांनी करारास जोडतो. जुन्या वस्तूसाठी नव्याची किंमत मागणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

प्रश्नकर्ता

काल काकांच्या समोर गिझर उघडला. थर बोटाच्या पेराएवढा जाड निघाला आणि तो साफ करायला मिस्त्रीला तासभर लागला. कॉइलचे पैसे काकांनी दिले, सफाईचे मी दिले. पुढच्या करारात दर सहा महिन्यांनी सफाई करण्याची अट घालायची, आणि तिचा खर्च आळीपाळीने करायचा, असे ठरले आहे.