मदत हवी आहे: उघड्यावरच्या सेन्सरच्या डबीसाठी एबीएसऐवजी काय घ्यावं?

कोनमापक
डबी १२० × ८० × ४५ मिमी, भिंतीची जाडी २.५ मिमी. आत सर्किट, बॅटरी, वायरलेस अँटेना. वर्षाला साधारण ८०० नग, ॲल्युमिनियमचा साचा, पांढरं एबीएस (नेहमीचं टणक प्लास्टिक). उन्हात काही महिन्यांत पृष्ठभाग पिवळा पडून खडूसारखा होतो. त्याहून गंभीर म्हणजे झाकणाचे एम३ (३ मिमीचे) स्क्रू बसतात ते बॉस, म्हणजे डबीतले पोकळ खांब, तडकतात (बाहेरचा व्यास ५ मिमी, भोक २.५ मिमी). बॅटरीसाठी झाकण दरवर्षी उघडावं लागतं. पॉलिकार्बोनेट, ३०% काचतंतूंचा नायलॉन की पीपी (पॉलिप्रोपिलीन)? साचा शक्यतो हाच ठेवायचा आहे.

रेतीकागद
पीपी यादीतून काढाच. साच्यात थंड होताना एबीएस ०.४ ते ०.७% आकसतं, पीपी १ ते २.५%. याच साच्यात १२० मिमीच्या बाजूला सहज एक मिमीचा फरक पडेल आणि सर्किट बसणार नाही. नायलॉनमधले काचतंतू ॲल्युमिनियमचा साचा घासतात, आधी गेटपाशी, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरतं त्या तोंडाशी. शिवाय प्रवाहाच्या दिशेने आणि आडवं आकसणं वेगळं, त्यामुळे सपाट झाकण पिळवटतं.

एएसए घ्या, ते एबीएसच्याच जातीचं प्लास्टिक आहे. एबीएसमधलं ब्युटाडाईन रबर अतिनील किरणांनी तुटतं, म्हणून तो पिवळेपणा. एएसएमध्ये त्याजागी ॲक्रिलेट रबर असतं. आकसणं जवळजवळ एबीएसइतकंच, त्यामुळे साचा तोच चालतो. दाणे ८० अंशांना ३-४ तास सुकवून घ्या, नाहीतर चंदेरी रेघा उठतील.

पण तडे नुसतं मटेरियल बदलून जाणार नाहीत. तडा उभा आहे की बॉसच्या बुडाशी आडवा?

कोनमापक
उभा. चारही बॉसना गेटच्या विरुद्ध बाजूला.

रेतीकागद
मग ती वेल्ड लाइन आहे. वितळलेलं प्लास्टिक कोअर पिनच्या (बॉसचं भोक घडवणाऱ्या साच्यातल्या पिनेच्या) दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागे जुळतं आणि तो जोड कच्चा राहतो. मेल्ट (वितळलेलं प्लास्टिक) किंवा साचा थंड असेल तर आणखी कच्चा. त्यात तुमची भिंत जेमतेम १.२५ मिमी आणि एम३ मशीन स्क्रूचे ६० अंशांचे आटे तिला बाहेर ढकलतात. (बुडाशी आडवा तडा असता तर कोपऱ्याला ०.५ मिमी गोलाई द्या म्हटलं असतं. तीही द्याच.)

झाकण वारंवार उघडणार म्हणून पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) गरम करून बसवा. बॉसचा व्यास इन्सर्टच्या सुमारे दुप्पट हवा आणि भोक इन्सर्टच्या डेटाशीटप्रमाणेच. बॉस मोठा करायचा म्हणजे साच्यातून धातू काढायचा, ते सोपं. कोअर पिन सुटी असेल तर तीही बदलता येते.

चौथीघडी
एक भर. बॉस जाड झाला की बाहेरून सिंक मार्क (पृष्ठभागावरचा खळगा) दिसतो. म्हणून बॉस बाजूच्या भिंतीपासून सुटा ठेवा आणि १.३ ते १.५ मिमी जाडीच्या रिबने (पातळ पट्टीने) जोडा. पॉलिकार्बोनेटकडे वळलात तर अतिनील-स्थिर ग्रेड लागेल, मेल्ट २८० ते ३०० अंश, दाणे १२० अंशांना सुकवायचे. आणि कुठल्याही पर्यायात स्क्रूला थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा द्रव) लावू नका. तो एबीएस, एएसए, पॉलिकार्बोनेट तिन्हींना ताणाखाली तडकवतो.

कोनमापक
स्क्रू सुटू नयेत म्हणून तोच लावत होतो! आधी तो बंद करतो. एएसएचे ५० नग काढून, इन्सर्ट बसवून कळवतो.

रेतीकागद
त्यातल्या १० नगांवर स्क्रू बसायला लागणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि इन्सर्ट फिरू लागतो तो टॉर्क, दोन्ही मोजा. स्क्रूड्रायव्हरचं सेटिंग त्या दोन आकड्यांच्या मध्ये ठेवा.