शाळेत लेखक बोलावून मुलांची लेखन कार्यशाळा घेणं : खरंच उपयोग होतो का?

रानातली शाळा
मी बीड जिल्ह्यात जि.प. शाळेत शिकवते. या जानेवारीत आम्ही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी बाहेरून एका लेखकांना बोलावून दोन दिवसांची लेखन कार्यशाळा घेतली आणि तेव्हापासून शाळेत एकच वाद चालूय की याचा उपयोग काय. आमचेच एक सर म्हणतात मुलांना धड जोडाक्षरं येत नाहीत, आधी शुद्धलेखन होऊ द्या मग साहित्याचं बघू. एका पालकांनी तर सरळ विचारलं, यानं स्कॉलरशिपला मार्क वाढणारेत का.

माझं मत आहे की उपयोग होतो, आणि आमच्यासारख्या शाळांनाच जास्त होतो. एकच उदाहरण देते. सातवीतली एक मुलगी, आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ही मागे हंगामी वसतिगृहात राहते. ‘माझी आई’ निबंध सांगितला की गाईडमधलं ‘आई म्हणजे वात्सल्याचा सागर’ तोंडपाठ उतरवून काढते, आणि मार्कही मिळतात. लेखकांनी आईवर लिहा असं सांगितलंच नाही. आई घरी नसते तेव्हा घरात तिची कुठली वस्तू दिसते तेवढंच लिहा म्हणाले. तिनं लिहिलं, “आई बूट घालून गेली. तिची वहाण दाराशीच हाय. मी घरी गेले की वहाण झाडून ठेवते, इंगळी शिरू नये म्हणून.”

परीक्षेच्या पेपरात हे कधीच आलं नसतं कारण तिथं असा प्रश्नच नसतो. तुमचे अनुभव सांगा, विरोधातले असले तरी चालतील.

जुना वाचक, सातारा
ताई, मुलीनं लिहिलेलं वाचून गलबलून आलं, पण माझा विरोध तरीही आहे. लिहिणं शिकवून येत नाही, वाचून येतं. बहिणाबाईंना कुठे कार्यशाळा होती, त्यांना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात चारपाच दिवसांत लिहून काढली, तिथं कोण बसलं होतं टिप्स द्यायला? दोन दिवसांचं मानधन, प्रवासखर्च, हारतुरे, बॅनर, जेवणावळ या सगळ्या पैशात मुलांसाठी कपाटभर पुस्तकं आली असती आणि ती दहा वर्षं पुरली असती. लेखक येतो, फोटो निघतो, बातमी लागते आणि तो गेला की पोरं परत गाईडकडे. जिथं मुलांच्या हातात अवांतर पुस्तकच नाही तिथं लिहायला बसवणं म्हणजे पोहरा विहिरीत न सोडताच रहाट ओढणं.

कोथरूडची आई
मी पण विरोधातच, पण माझं कारण वेगळंय. आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत ही शिबिरं पैसे भरून असतात, लेखक किंवा लेखिका येणार म्हणून फी पण तशीच, शेवटच्या दिवशी मुलांच्या लेखनाची छापील पुस्तिका आणि पालकांसमोर वाचन. माझ्या मुलीनं आमच्या सोसायटीतल्या लिफ्टवर लिहिलं होतं, ती बंद पडली की वॉचमनकाका आतल्या माणसाशी गप्पा मारत कसे उभे राहतात त्यावर. पुस्तिकेत छापून आलं तेव्हा लिफ्ट होती पण वॉचमनकाका गायब आणि शेवटी दोन ओळी आल्या होत्या, माणुसकी अजून जिवंत आहे वगैरे. तिनं घरी येऊन विचारलं, हे मी लिहिलंय का? पुस्तिका चांगली दिसावी म्हणून मुलांच्या लेखनावर मोठ्यांनी हात फिरवला, आणि तेव्हापासून ती मला तिचं लिहिलेलं दाखवत नाही. त्या शिबिरातल्या सगळ्या मुलांचे शेवट एकाच वळणाचे होते. त्यापेक्षा न गेलेलं बरं.

शब्दवाटसरू
मी स्वतः गेली बरीच वर्षं अशा कार्यशाळा घेतो त्यामुळे आतली बाजू सांगतो. कोथरूडच्या ताईंनी जे सांगितलं ते होतं, मी पाहिलंय, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पुस्तिका हेच असतं. शेवटी काहीतरी छापून दाखवायचं ठरलं की तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं लक्ष मुलांवरून उडून पानांवर जातं. मी आता आयोजकांना आधीच सांगतो, स्पर्धा नाही, नंबर नाही, पुस्तिका करायची तर मुलाला विचारल्याशिवाय एक शब्द बदलायचा नाही.

दुसरं म्हणजे पहिला तासभर कुणीही काही लिहीत नाही. मुलं बाईंकडे बघत बसतात, बरोबर उत्तर काय ते शोधत असतात. हे मोडायला बाहेरचा माणूस लागतो हो, कारण तो मार्क देणार नसतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ म्हटलं की सगळ्यांच्या वहीत काळे ढग आणि विजांचा कडकडाट, पण तुमच्या घरात पाणी कुठून गळतं आणि खाली काय ठेवता असं विचारलं की पातेलं येतं, परात येते, एका मुलानं बापाचं हेल्मेट लिहिलं होतं. मी बाकी काही शिकवत नाही. प्रश्न बदलतो आणि मुलगा वाचून दाखवतो तेव्हा मनापासून ऐकतो.

रानातली शाळा
सातारच्या काकांना उत्तर देते. बहिणाबाईंचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाहीये. त्या शेतात, जात्यावर काम करता करता गाणी रचायच्या, पण मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्यानं आणि घरातल्यांनी ती गाणी टिपून ठेवली, आणि बहिणाबाई गेल्यावर अत्र्यांच्या पुढाकारानं 1952 ला पुस्तक निघालं. कुणीतरी कान देऊन ऐकलं आणि हे मोलाचं आहे म्हटलं म्हणून ती आज आपल्याकडे आहेत. खानदेशात तेव्हा अशा किती बायका गात असतील ज्यांच्या घरात टिपून घेणारं कुणी नव्हतं.

आणि साने गुरुजी तुरुंगात जायच्या आधी अमळनेरला शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ रोज स्वतःच्या हातानं लिहून काढायचे. पुस्तक पाच दिवसांत झालं असेल, पण त्यामागे मुलांना रोज काहीतरी सांगण्याची, त्यांच्यासाठी रोज लिहिण्याची कितीतरी वर्षं आहेत.

जुना वाचक, सातारा
छात्रालय दैनिकाचा मुद्दा तुम्हीच काढलात ते बरं झालं, कारण तो माझाच मुद्दा आहे! गुरुजी पाहुणे नव्हते. ते तिथं रोज होते, मुलांची भांडी घासण्यापासून सगळं करत होते. इटलीत बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या खेड्यात डॉन मिलानी या पाद्रीनं नापास झालेल्या गरीब मुलांची शाळा चालवली, तिथल्या आठ मुलांनी मिळून शिक्षिकेला उद्देशून एक पत्र लिहिलं, 1967 साली त्याचं पुस्तक झालं, मराठीतही ‘प्रिय बाई’ म्हणून आलंय. शेतकऱ्यांची मुलं, आणि अख्ख्या शिक्षणव्यवस्थेला जाब विचारणारं लेखन. कुणी नामवंत लेखक दोन दिवस येऊन गेला नव्हता. महिनोनमहिने एकेका वाक्यावर ती मुलं बसली होती, चिठ्ठ्यांवर मुद्दे लिहायचे, जुळवायचे, फालतू शब्द काढून टाकायचे. म्हणून म्हणतो, शिक्षकावर खर्च करा, पाहुण्यावर नको.

डब्लिनहून
मूळची नाशिकची, आता आयर्लंडमध्ये. इथं ‘फायटिंग वर्ड्स’ म्हणून केंद्र आहे, रॉडी डॉयल या कादंबरीकारानं एका सहकाऱ्याबरोबर 2009 साली सुरू केलं, मुलांना फुकट. शाळेचा अख्खा वर्ग येतो, सगळे मिळून गोष्टीची सुरुवात रचतात, एक जण ती सगळ्यांसमोर टाईप करत जातो, चित्रकार तिथंच चित्र काढतो आणि मग पुढचा भाग ज्यानं त्यानं आपापला लिहायचा. जाताना प्रत्येकाच्या हातात स्वतःचं पुस्तक, आधीचा भाग सगळ्यांचा सारखा, शेवट ज्याचा त्याचा. कोथरूडच्या ताई, म्हणजे छापण्यात वाईट काही नाही, शेवट मुलाचा राहिला पाहिजे इतकंच. आणि हे चालतं स्वयंसेवकांच्या जिवावर, मुलाच्या शेजारी बसून ऐकायला माणसं असतात. एकटा लेखक साठ मुलांसमोर माईक घेऊन उभा राहिला तर ते भाषणच होणार.

नाटकवाला
पाहुणा नको हे मला पटत नाही. मुंबईत रेज या नाटक कंपनीनं लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरबरोबर ‘रायटर्स ब्लॉक’ केलं, तिकडचे लोक यायचे, इथल्या तरुण नाटककारांबरोबर बसायचे, आणि त्यातून मराठी नाटकंही आली. पण तिथं पाहुणे एकदा येऊन गायब होत नव्हते. मधल्या काळात ड्राफ्ट लिहायचा, परत चर्चा, परत नवा ड्राफ्ट, आणि शेवटी प्रयोग. ती मोठी माणसं होती, शाळकरी मुलं नव्हेत, मान्य, पण खरा फरक पाहुणा पुन्हा येतो की नाही याचाच पडतो. एकदाच येणाऱ्याला मुलं दुसऱ्या दिवशी काय लिहितात तेच कळत नाही.

मराठीचा मास्तर
एक गोष्ट कुणी बोललंच नाही. ‘दाराशीच हाय’ हे त्या मुलीनं लिहिलंय, ते तसंच ठेवलं की ‘आहे’ केलं? लेखक गेल्यावर वही शिक्षकाकडे येते आणि आमच्यातले बरेच जण लाल पेन घेऊन बसतात. मी दहावीला शिकवतो, बोर्डाच्या पेपरात प्रमाणभाषा लागतेच, त्यात तडजोड नाही. पण दोन वह्या करा ना. एक परीक्षेची, एक स्वतःची, आणि दुसरीला लाल पेन लावायचा नाही.

रानातली शाळा
सर, ‘हाय’ तसंच ठेवलंय. भिंतीवर लावलंय, तिला विचारून.

काका, तुमचं रोजच्या शिक्षकाचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, पण जमिनीवर काय आहे तेही ऐका. आमच्याकडे शिक्षक कमी, एकावेळी दोन-दोन वर्ग सांभाळायचे, त्यात ऑनलाईन माहिती भरा, पोषण आहाराच्या नोंदी करा, निवडणुकीची कामं करा. पुस्तकांचं म्हणाल तर कपाट आहे, पुस्तकं बऱ्यापैकी आहेत, बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक नेटवर फुकट मिळतात तेही मुलांना दाखवते. कार्यशाळेनंतर त्या कपाटाची कुलपं जास्त उघडली, मुलं स्वतःहून मागायला लागली, कारण पुस्तक कुणीतरी आपल्यासारख्यानंच लिहिलेलं असतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. वाचन आधी की लेखन आधी असं आमच्या मुलांच्या बाबतीत तरी दिसलं नाही.

नाटकवाल्या दादांचं पटलंय. लेखकांना मी विचारलंय, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एकदा आणि दिवाळीआधी एकदा, ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आत यायला ते तयार आहेत, मानधनाऐवजी फक्त प्रवासखर्च घेऊन. हारतुरे नाहीत, बॅनर नाही. अडतंय ते मधल्या महिन्यांत. मुलं लिहितायत, वह्या साठतायत, आणि प्रत्येक वही नीट वाचून मुलाला चार ओळी परत लिहायला माझ्या एकटीचा वेळ पुरत नाही.

जुना वाचक, सातारा
दोन दिवसांच्या कार्यशाळेबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण वाचायचं काम असेल तर मी रिटायर्ड माणूस आहे. आठवीच्या वह्या पोस्टानं पाठवा, लाल पेन वापरणार नाही.

कोथरूडची आई
सहावीच्या मला द्या. मूळ वह्या पोस्टात नका टाकू ताई, हरवल्या तर मुलांचं सगळं जाईल, झेरॉक्स पाठवा, खर्च मी देते.