विषय: १८ पूर्ण झाल्यावर वकील जातो का?

नमस्कार मंडळी,
कोर्टामार्फत आमच्या घरी सांभाळायला (फॉस्टर केअरमध्ये) असलेली मुलगी लवकरच १८ ची होतेय. कोर्टाने तिला दिलेल्या वकीलबाईंचं कार्ड फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली असतं. परवा ते हातात घेऊन विचारत होती, "आता हे काढून टाकू?" नवा वकील करावा लागेल का? खर्च किती येतो?
— वै., फ्रीमाँट

---

ताई, सज्ञान झाली म्हणजे कोर्टाचा संबंध संपला. वकिलासाठी मंडळाच्या मदतनिधीतून काही करता येईल, कार्यकारिणीत विषय घेतो.
— माजी खजिनदार

---

काका, निधी राहू द्या. ताई, कार्डही राहू द्या!

कॅलिफोर्नियात एबी १२ कायदा २०१० साली झाला, २०१२ पासून लागू आहे. त्यामुळे २१ पर्यंत फॉस्टर केअरमध्ये राहता येतं आणि तोवर कोर्टाचा वकीलही राहतो, तिला एक पैसा न लागता. शाळा पूर्ण करत असेल, कॉलेज निदान अर्धवेळ असेल, किंवा महिन्याला ८० तास नोकरी असेल, यातलं एक पुरे. नोकरीची तयारी करून घेणारा कार्यक्रमही चालतो, आणि आजारपणामुळे यातलं काहीच जमत नसेल तरी चालतं. सुनावणी दर सहा महिन्यांनी.

खरा बदल वेगळाच आहे. आतापर्यंत वकील तिचं हित कशात आहे ते बघून बोलायचे. आता ती सांगेल ते मांडणार, तिच्या सुरक्षिततेला धोका नसेल तर. मी कोर्टाने नेमलेली स्वयंसेविका म्हणून एका मुलाबरोबर जायचे (१८ नंतर मलाही त्याची संमती लागली). त्याला वेगळी खोली घ्यायची होती. आम्हा सगळ्यांचं मत, वर्षभर थांब. पोराने बेकरीतले पे-स्टब (पगाराच्या पावत्या) रबरबँड लावून आणले होते. वकिलांनी न्यायाधीशांपुढे त्याचंच म्हणणं मांडलं. मला तेव्हा रागच आला होता.

तेव्हा वकीलबाईंना फोन तिचा तिलाच करू दे. बाहेर पडायचं ठरवलं, तरी २१ च्या आत परत येण्यासाठी अर्ज करता येतो, हे तिने विचारून घ्यावं. केस बंद होण्याआधी जन्मदाखला आणि सोशल सिक्युरिटी कार्ड हातात यायला हवं, हेही.

आणि ताई, तिची आणखी माहिती या ईमेल लिस्टवर नको. चारशे घरं वाचतात.
— मी., सॅन होजे

---

कार्ड परत लावलं. ती आत्ता फोनवर आहे, मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलंय. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात, गॅस कोण बंद करणार?
— वै.