घरची माणसं आणि समुद्रातलं वादळ : तुमचे अनुभव लिहा

रत्नांग्रीची_लेक
सध्या माहेरी आलेय. काल रात्री वळवाचा वारा सुटला. गच्चीवरून केबलची तार गेलीय, तिच्यातून आधी नुसतं सूंऽऽ आणि मग तो सूर वर वर चढत गेला. आई म्हणाली, खिडकी लावून घे. मी अंथरुणात ताडकन उठून बसले होते आणि हात शेजारी चाचपडत होता, लेक नीट बांधलेली आहे ना बघायला. लेक आता वीस वर्षांची आहे आणि ऑकलंडला आहे.

अकरा वर्षांपूर्वी नवरा, मी आणि तेव्हा नऊ वर्षांची ती, असे तिघं न्यूझीलंडच्या ओपुआहून फिजीला निघालो होतो. अडतीस फुटी शिडाची जुनी बोट. हजार-अकराशे नॉटिकल मैल, नऊ-दहा दिवस. नोव्हेंबर ते एप्रिल त्या भागात चक्रीवादळांचा मोसम असतो, म्हणून सगळे मे-जूनमध्ये निघतात. तिकडच्या बोटीला देश सोडण्याआधी कडक तपासणी लागते. लाइफराफ्ट, वादळात लावायची छोटी शिडं, उपग्रहाला इशारा देणारा बीकन, सगळं तपासून पास झालं होतं.

चौथ्या दिवशी गाठलंच. आणि बॅरोमीटर फारसा उतरलाच नव्हता! दक्षिणेला उच्च दाबाचा मोठा पट्टा, उत्तरेकडून सरकत येणारा कमी दाबाचा पट्टा, आणि दोघांच्या मधे वारा चेपला जातो. तिकडचे दर्यावर्दी त्याला स्क्वॉश झोन म्हणतात. दुपारी वर चक्क ऊन आणि वारा चाळीस नॉट. रात्री पन्नास, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरच्या वर. आकडा बघायची गरजच नव्हती, डोलकाठीच्या तारांचा सूर ऐकून कळत होतं.

नवऱ्याने ड्रोग सोडला. लांबलचक दोर, त्याला शंभरावर छोटे कापडी शंकू. तो मागून पाण्यात सोडला की बोटीला धरून ठेवतो, लाटेवरून सुसाट घसरून आडवी होऊ देत नाही. तो सोडत होता तेव्हा मी दारात त्याच्या पट्ट्याचा हूक दोन्ही हातांनी धरून बसले होते.

पहाटे तारांचा आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं, आम्ही दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात होतो, तिथे वारा लागत नाही. पुढची लाट बाजूने आली. बोट पूर्ण आडवी. कपाटं उघडून सगळं अंगावर आलं, हळदीची बरणी फुटली आणि आत आलेलं पाणी पिवळं झालं. बोट सावकाश उठली. लेक तिच्या बाकावर कापडी झोळीत बांधलेली होती, तिथेच होती. मी तिचा गाल धरून विचारलं, लागलं का. हात काढला तर गालावर माझी पाच बोटं हळदीने उमटलेली.

मग मी तिला पाढे म्हणायला लावले. दोनपासून तीसपर्यंत. मी बादलीने पाणी उपसत होते आणि ती म्हणत होती.

पुढचं नंतर लिहिते, आई पानं घेतेय. कुणी घरच्यांसोबत असं सापडलं असेल तर लिहा. मचवा, लाँच, गलबत, जहाज, काहीही चालेल.

दर्याकाठ
गालावरची हळद वाचून काटा आला अंगावर. लवकर लिही पुढचं.

केबिन_नंबर_चार
नवरा मर्चंट नेव्हीत. लग्नानंतर पहिली सहा वर्षं मी त्याच्यासोबत जहाजावर जायचे, मुलगा दीड वर्षाचा असल्यापासून. दक्षिण आफ्रिकेचं टोक. तिथे अगुल्हासचा समुद्रप्रवाह खाली नैर्ऋत्येकडे वाहतो आणि समोरून नैर्ऋत्येचा वारा आला की लाटा अशा उभ्या राहतात की दोनशे मीटरचं जहाज कण्हतं. खरंच कण्हतं, लोखंडाचा तो आवाज मी विसरलेले नाही.

मुलाला कसं झोपवायचं हे मला आमच्या मेसमनने शिकवलं. गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफजॅकेट सारायची, गादी भिंतीकडे कलते आणि मधे घळ होते. त्या घळीत मूल आणि आई. जेवायच्या टेबलावरचा कपडा ओला करून अंथरायचा, म्हणजे ताटं घसरत नाहीत. भात वाढायचा तो पण अर्धी वाटी. मुलगा मजेत होता, त्याला वाटायचं झोपाळा आहे. मी तीन दिवस पाणी आणि खारी यावर. नवरा ब्रिजवरून यायचा, बूटसुद्धा न काढता जमिनीवर वीस मिनिटं झोपायचा आणि परत जायचा. त्याने एकदाही सांगितलं नाही की किती वाईट आहे. मीही विचारलं नाही.

कोथरूडची_काकू
बाई गं. उलट्यांना काय घ्यायचात? आम्हाला पुढच्या महिन्यात अंदमानला बोटीने फिरायचंय आणि यांना मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा त्रास होतो.

केबिन_नंबर_चार
काकू, गोळी बोटीत बसायच्या आधी घ्यायची, सुरू झाल्यावर उपयोग नाही. कोणती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, काकांना बीपी वगैरे असेल तर नक्की विचारा. मधोमध बसायचं, पुढे नाही. नजर लांब क्षितिजावर, मोबाइल खिशात. आणि उपाशी जाऊ नका, थोडं कोरडं खाऊन जा.

कोथरूडची_काकू
हे उपाशीच निघतात, म्हणे रिकामं पोट बरं! दाखवते त्यांना हे.

आलेपाक_अलिबाग
आलेपाक न्या काकू. आमच्याकडे लाँचला निघालं की आजी पदराच्या गाठीत देते.

मालवणी_आजोळ
आमच्या लहानपणी मुंबई-पणजी बोट होती, 'कोंकण सेवक', 'कोंकण शक्ती'. भाऊच्या धक्क्यावरून निघायची. मे महिन्याचे शेवटचे दिवस, मृग तोंडावर, पावसाळ्यात बोट बंद व्हायची म्हणून ही गर्दी. रात्री वारा सुटला. डेकवर ताडपत्री सोडली होती ती फाटली, ट्रंका इकडून तिकडे, एकाच्या कोंबड्या सुटल्या. आजीने आम्हा चौघा भावंडांना तिच्या नऊवारी लुगड्याने, दुसरं होतं पिशवीत त्याने, एका खांबाला बांधलं. स्वतः मात्र मोकळी बसली समोर.

पण खरी भीती त्यात नव्हती, उतरण्यात होती. मालवणला बोट बाहेर लांब उभी राहायची, खडकांमुळे आत येत नसे. खालून पडाव, म्हणजे वल्ह्यांची होडी, यायचा. लाटेबरोबर पडाव वर आला की दारातला खलाशी माणूस सोडायचा आणि पडावातला झेलायचा. क्षण चुकला की मधे दहा फुटांची दरी. धाकटा भाऊ तीन वर्षांचा. आजी ओरडली, "पोराक आधी घेवा!" आणि तो हवेतून गेला. पडावातल्या म्हाताऱ्या खलाशाने त्याला छातीशी असा काही धरला की किनाऱ्यावर पोचेपर्यंत सोडलाच नाही, वल्हं दुसऱ्याला दिलं. त्या माणसाचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. भाऊ आता बासष्टचा आहे, अजून विषय निघाला की गप्प होतो.

दर्याकाठ
त्या बोटीच्या कँटीनमधला चहा आठवतो का कुणाला? आणि बोट दिसली की किल्ल्यावरून हात करणारी पोरं.

मालवणी_आजोळ
चहा आणि बटाटेवडा! तुम्ही कुठे उतरायचात?

दर्याकाठ
देवगड. मामा बैलगाडी घेऊन यायचा. वेगळा धागाच काढायला हवा याचा.

सुशेगाद
विमानातलं चालणार नाही ना? नाहीतर माझ्याकडे गोव्याला उतरतानाचा एक आहे. वाचतोय सगळं.

हर्णै_बंदर
आमच्याकडे फयान चक्रीवादळ म्हटलं की अजून माणसं काम थांबवतात. ११ नोव्हेंबर २००९. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आणि दोघे भाऊ त्याच बोटीवर. म्हणजे घरातले सगळे पुरुष एका बोटीत. बंदरावर धोक्याचा बावटा लागेपर्यंत बोटी लांब गेलेल्या. वायरलेसवर बाबांचा शेवटचा आवाज आला, "दाभोळच्या खाडीकडं वळतोय", आणि मग खरखर.

त्यांनी जाळं कापून टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, जाळं म्हणजे आमचं सोनं, कर्ज काढून घेतलेलं असतं. बाबांनी कोयता मागितला तेव्हा मोठा भाऊ रडला म्हणे. बाबा म्हणाले, जाळं परत विणता येतं. रात्रभर बोटीचं तोंड लाटेला धरून राहिले, एंजिनात पाणी शिरू नये म्हणून धाकट्याने झाकणावर स्वतः आडवा पडून ताडपत्री धरली.

इथे आम्ही बायका बंदरावर. अंधारात एक एक बत्ती दिसायची आणि प्रत्येकीला ती आपली वाटायची. दुसऱ्या दिवशी दुपारी खाडीतून निरोप आला. घरी आले तेव्हा धाकट्याचे तळवे दोराने सोललेले, त्याला हाताने जेवता येईना. चोवीस वर्षांचा घोडा, आईने भरवलं त्याला, आणि त्याने मुकाट्याने भरवून घेतलं.

आमच्या बाजूच्या घरातला आला नाही. त्याबद्दल लिहवत नाही.

तेव्हापासून आईचा नियम आहे, दोन भाऊ एका बोटीत नाहीत. बाबा गेले तरी नियम चालू आहे.

कोथरूडची_काकू
तुझ्या आईला माझा नमस्कार सांग गं.

आलेपाक_अलिबाग
'जाळं परत विणता येतं' हे आज घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या घरात आषाढी अमावास्येला अजून कोणी लाँचने जात नाही. १७ जुलै १९४७, रामदास बोट. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, सणासाठी घरी येणारी माणसं, आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. आजी तेव्हा सात वर्षांची होती, ती सांगायची की गावात कित्येक दिवस कुठल्या ना कुठल्या घरातून रडण्याचा आवाज यायचाच.

सागवान
रत्नांग्रीची लेक, तुमच्या बोटीचं वाचून सुहेलीची आठवण झाली. एकट्याने कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करणारी ती पहिली बोट मुंबईत बांधलेली आहे, सागवानाची! तिचीच प्रतिकृती म्हणजे अभिलाष टॉमींची थुरिया, ती गोव्यात बांधली. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार, हलताही येईना. तिसऱ्या दिवशी ओसिरिस नावाच्या फ्रेंच जहाजाने सोडवलं. आणि तारिणी या शिडाच्या बोटीवरच्या नौदलाच्या सहा मुली, गोव्याहून १० सप्टेंबर २०१७ ला जगप्रदक्षिणेला निघून २१ मे २०१८ ला परत. मी माझ्या मुलीला घेऊन गोव्यात तारिणी बघायला गेलो होतो. एवढीशी आहे हो, ५६ फूट. आमच्या सोसायटीचा जिना त्यापेक्षा लांब असेल.

किवी_पुणेकर
मी पण ऑकलंडला! ओपुआ वाचून थबकलो. १९९४ च्या जूनमध्ये तिकडेच टोंगाला निघालेल्या बोटींना वादळाने गाठलं होतं, २१ जणांना वाचवलं, एका बोटीवरचे तिघं परत आले नाहीत. जुने लोक अजून सांगतात. तुम्ही ऑकलंडला कुठल्या भागात? आणि इकडे चांगलं मेतकूट मिळतं का कुठे? आईचं संपलं.

रत्नांग्रीची_लेक
किवी_पुणेकर, मी येताना दोन किलो आणतेय मेतकूट, तुम्हाला डबा देईन. विपूत (विचारपुशीत) पत्ता पाठवा.

हर्णै_बंदर, तुझा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती उठून देवघरात गेली.

राहिलेलं सांगते. अडतीस तासांनी वारा तीस नॉटवर आला, तेव्हा तीससुद्धा झुळूक वाटली. नवऱ्याचा खांदा निखळला होता आणि त्याने तो सांगितलाच नव्हता. ड्रोगचा दोर आम्ही दोघींनी चार तास लावून आत ओढला, एक लाट पुढे गेली की हातभर. पाच दिवसांनी फिजीतल्या सुवाला पोचलो. पुढे कित्येक महिने बोटीत कुठल्या तरी फटीत हळद सापडायची.

आज लेकीला फोन केला, म्हटलं असा धागा काढलाय, तुला काय आठवतं. लाट आठवत नाही म्हणाली. म्हणाली, "मी सव्वीसच्या पाढ्यात मुद्दाम चुकले होते. सव्वीस सत्ते एकशे ब्याण्णव म्हटलं. तू कधीच सोडायची नाहीस चूक, पण तेव्हा 'हं, पुढे' म्हणालीस. मग मला कळलं तू किती घाबरलीयस. म्हणून मी परत चुकले नाही."

अकरा वर्षांत हे तिने आज पहिल्यांदा सांगितलं. मी फोन ठेवून गच्चीवर जाऊन बसले.

केबिन_नंबर_चार
अगं. रडवलंस. माझ्या मुलाला आज विचारते, झोपाळाच वाटत होता का खरंच.

सुशेगाद
माझं विमानातलं राहू द्या.

कोथरूडची_काकू
सांग पाहू विमानातलं, तेवढं तरी हलकं असेल!

हर्णै_बंदर
रत्नांग्रीची लेक, आईला म्हणावं एकदा हर्णैला या, पापलेट खिलवते. आता जाते, लिलावाची वेळ झाली. मोठ्याची बोट लागलीय, धाकट्याची दिसतेय मागे.