विजेचं बिल शेजारच्या कारखानदाराला दाखवावं का?

शिरोलीकर
परवा आमच्या उद्योजक संघटनेच्या बैठकीत विषय निघाला: फाउंड्रीवाल्या (लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या) सभासदांनी दर महिन्याला आपापलं 'युनिट प्रति टन', म्हणजे टनभर लोखंड वितळवायला किती वीज लागली ते, एकमेकांना सांगायचं. निम्म्यांनी माना खाली घातल्या. मी मात्र हात वर केला.

माझी आणि शेजारच्या शेडची इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) एकाच मापाची, अर्ध्या टनाची. माझे टनाला ६८० युनिट, त्याचे ६१०. बिलं समोरासमोर ठेवली तेव्हाच हे कळलं. तो येऊन दोन हीट (भट्टीच्या दोन खेपा) उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "झाकण कुठं हाय रं तुझं?" झाकण स्क्रॅपच्या ढिगामागं. साखळी तुटली होती, लावायचं राहून गेलं. रस उघडा लालभडक, आणि आम्ही रसाच्या नमुन्याच्या तपासणीची, म्हणजे स्पेक्ट्रोच्या रिपोर्टची, वाट बघत पॉवर चालू ठेवून बसायचो. आता झाकण लावलंय, नमुना लवकर पाठवतो. ६४० वर आलोय. महिन्याला दीडशे टन वितळवतो, हिशेब करा.

पै_पै_हिशेब
झाकण लावा की, कोण नको म्हणतंय? आकडा कशाला सांगायचा? बिलातल्या युनिटांना त्या आकड्यानं भागलं की माझे टन निघतात, म्हणजे माझ्याकडं किती काम आहे तेही निघालं.

एका मोठ्या गिऱ्हाइकानं कोटेशनमध्ये विजेची वेगळी ओळ मागितली होती. मी प्रामाणिकपणे भरली. पुढच्या वर्षी "तुमच्या भागात यापेक्षा कमी युनिटात होतं" म्हणत किलोमागं सव्वा रुपया कापला. बचत आम्ही करायची, पैसे त्यांनी न्यायचे. आणि तुमचा तो झाकणवाला शेजारी त्याच गिऱ्हाइकाला कोटेशन देतो, हे विसरू नका.

मेंटेनन्सवाला
मालक लोकांचं झालं असेल तर मी बोलू? सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून फक्त हवेचा कंप्रेसर सुरू करा आणि घड्याळ घेऊन बसा. हवा कुठंच लागत नाही, तरी दर दोन मिनिटांनी लोड घेतोय, म्हणजे पुन्हा हवा भरायला लागतोय? मग ती गळती. मी साबणाचं पाणी घेऊन फिरलो तर एकोणीस ठिकाणी बुडबुडे आले, बहुतेक पाइपच्या क्लिपांपाशी. मालक काय म्हणाले? "प्रेशर वाढव." एक बार वाढवला की कंप्रेसर सहा-सात टक्के जास्त वीज खातो, वर त्याच भोकांतून हवाही जास्त जाते.

चहाच्या टपरीवर शेजारच्या फिटरला आम्ही हे सांगतोच. त्याला ठराव लागत नाही.

फाइलवाली
माहिती वाटली की बचत होते, हेच मला पटत नाही. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे आमच्या ऑफिसात भिंतीवर चिकटवलंय. साहेब आल्या आल्या १८ करतात आणि आम्ही शाली घेऊन बसतो. इथं तर काहीच गुपित नाही!

शिरोलीकर
@फाइलवाली, साहेब स्वतःच्या खिशातून बिल भरत नाहीत, मी भरतो. फरक तिथं आहे.

@पै_पै_हिशेब, तुमची भीती खोटी नाही. पण लोखंड वितळवायला टनाला साधारण ४०० युनिट तरी लागतातच, हे खरेदीवाल्यांना पाठ असतं. आपण गप्प बसलो म्हणून ते घासाघीस सोडतात होय? वरचे अडीचशे कुठं जातात, तेच आपल्याला शोधायचंय. हवं तर नावं झाकून आकडे सांगू.

पै_पै_हिशेब
दहा जणांत नाव झाकून काय उपयोग? अर्ध्या टनाची फर्नेस कुणाकुणाची हे सगळ्या एमआयडीसीला ठाऊक आहे. माझं बिल कपाटातच राहणार.

बाकी, ते झाकण साखळीनंच उचलता की हायड्रॉलिक बसवलंय? फोटो टाका.