मदत हवी आहे: लिनक्स मिंटसाठी सूचना गोळा करतोय

मंडळी, परळला आमच्या वाचनालयातले कॉम्प्युटर जुने आहेत, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते ती त्यात नाही, आणि 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीय, सिनॅमन डेस्कटॉपवाली. ज्येष्ठ मंडळी त्यावर इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डने मस्त टाईप करतात! आता डेव्हलपरना नीट सूचना पाठवायच्यात.

सगळ्यात महत्त्वाची ही, की कीबोर्ड आत्ता मराठी आहे का इंग्लिश हे कोपऱ्यातल्या बारीक आयकॉनवर दिसतं, आणि झेंडा ठेवला तर हिंदीलाही तिरंगा नि मराठीलाही तिरंगा, मग कळणार कसं? सेटिंगमध्ये झेंडा काढून अक्षरं ठेवता येतात, ते केलंय, पण साठीच्या पुढच्या डोळ्यांना तेही पुरत नाही. टाईप करतो तिथेच, कर्सरजवळ, क्षणभर मोठं 'म' दिसावं असं मला मनापासून वाटतं. पासवर्डच्या खिडकीत तर हवंच हवं, तिथे नुसते ठिपके दिसतात.

असं काही करणारं अ‍ॅपलेट, म्हणजे पट्टीवर टाकायचं छोटं अ‍ॅप, आधीच आहे का? आणि गिटहबवर, म्हणजे डेव्हलपर कोड ठेवतात त्या साइटवर, सूचना कशी लिहायची, स्क्रीनशॉट किती, एका सूचनेत एकच मुद्दा ठेवायचा का? कोणी पाठवली असेल तर प्लीज सांगा. तुमच्याही सूचना टाका, मराठी टायपिंगबद्दलच्या सगळ्यात आधी.